गिरमिटचं मडकं

अकरा दिवस तो कुंद्याच्या डब्यात होता.
अर्ध्या किलोचा, पत्र्याचा, झाकणावर राजहंस छापलेला.
घरात रिकामा तेवढाच होता.
शैला रोज तो डबा पुसायची
आणि मुंग्या कशा लागत नाहीत याचं नवल करायची.

खडेबाजारात, तांब्यापितळेच्या दुकानात
पोऱ्यानं काचेवर तीन कलश मांडले.
"कोणाच्या अस्थी, काका?" विचारता विचारता
त्याचे हात जोडलेसुद्धा गेले.
म्हटलं, कुत्र्याच्या.
जोडलेले हात त्यानं हळूच सोडवले,
पुसायचं फडकं उचललं.
"मग हा लहान बगा. पुढं तूप ठेवायला पण होतंय."

शहापुरात दगडावर नावं कोरणारा अल्लाबक्ष
अक्षराला बावीस रुपये म्हणाला.
गि, र, मि, ट. वेलांट्या फुकट.
"वर कन्नड, खाली मराठी घालू?
बोर्डाला तसंच लागतंय आता."
मी मनात दुप्पट केली.
चुरमुऱ्याच्या गिरमिटावरून ठेवलेलं नाव,
पांढऱ्या अंगावर तांबडं-काळं कुणी विस्कटल्यासारखं,
ते कुठल्या भाषेतलं, आम्ही कधी बघितलं नव्हतं.
मराठीत हाक मारली की यायचा,
कन्नडात रागावलं की बसायचा,
वाचायला दोन्हीतलं काही येत नव्हतं.
दगड राहू दे, म्हटलं.

चौतीस वर्षं मी विजेच्या तारांवर काढली.
त्यातली शेवटची नऊ त्यानं खांबाखाली.
मी वर पान्हा आवळायचो,
तो खाली दोराच्या वेटोळ्यात वेटोळं होऊन.
नंदगडच्या अलीकडे एकदा उलटा करंट आला,
मी पट्ट्यावर लोंबकळत राहिलो,
आणि त्यानं असं काही भुंकून घेतलं
की भातातल्या बायका विळ्यांसकट धावत आल्या.
खांबाचा नंबर अजून पाठ आहे. एकशे सोळा.
स्मारक म्हणायचं तर तेच.
पण तो खांब खात्याचा.

शेवटी खानापूर. निंगाप्पा कुंभार.
"काय ठेवनार? लोणचं? दही?"
मी जरा वेळानं म्हणालो, राख.
त्यानं चाक थांबवलं नाही.
"नायीदेन्री?"
कुत्र्याचीच, हे याला कसं कळलं?
तर हनुवटीनं त्यानं माझ्या पँटीवरचे केस दाखवले.

"केवढं करू?"
मी हात दाखवला जमिनीपासून, गुडघ्याच्या वर.
मग दोन्ही हात आडवे, शेपटीसकट.
निंगाप्पा बघत राहिला.
मग मलाही माझे हात दिसले.
पिशवीतून डबा काढला.
एवढं, म्हणालो.

आठ दिवसांनी गेलो.
मडकं उजव्या अंगाला किंचित कललेलं,
म्हातारपणी तो चालायचा तसं.
हे निंगाप्पाला ठाऊक असायचं कारण नव्हतं,
भट्टीत बसलं असेल.
साठ रुपये. मी घासाघीस केली नाही,
त्यानंही काही सोडले नाहीत.
तिथंच डबा उलटा केला.
वारा होता. त्याची बायको न बोलता उठली
आणि पदर आडवा धरून उभी राहिली.

येताना बसमध्ये कंडक्टर, "एष्ट मंदि?"
सवयीनं तोंडातून गेलं, एक फुल, एक हाफ.
त्यानं वाकून सीटखाली पाहिलं.
मांडीवरचं मडकं पाहिलं.
मशीनमधून हाफ निघालं होतं तोवर.
"कॅन्सल होत न्हाई हो ते."
असू दे की, म्हटलं.

शैलानं मडकं दोन्ही हातांनी घेतलं,
झाकण नीट बसत नाही म्हणाली,
मीटरच्या पेटीखाली, जिथं दोर ठेवतो, तिथं ठेवलं.
डबा टाकवला नाही तिला.
घासला, परसात पालथा घातला.

आज सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.